सर्पदंशाची 'लस' आणि उसनी प्रतिकारशक्ती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सर्पविषाची इंजेक्शने वर्षानुवर्षे स्वतःला टोचून घेऊन 'विष पचवणाऱ्या' माणसांविषयीचा लेख आपल्या रविवार पुरवणीत नुकताच वाचला. लेख चांगला होता आणि त्यातील मुख्य घटना खऱ्या आहेत, हे आधीच नमूद करतो. परंतु सर्पदंश झाल्यावर रुग्णालयात जे औषध दिले जाते त्याला त्या लेखात दोन ठिकाणी 'सर्पदंशाची लस' म्हटले होते, आणि समारोप असा होता की माणसाचे शरीर हळूहळू कोणत्याही सापाच्या विषाला सरावू शकते. सर्पदंशाचे रुग्ण अनेक वर्षे पाहिलेला एक निवृत्त डॉक्टर या नात्याने या दोन्ही गोष्टींविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

लेख वाचताना मला एका मुलाची आठवण झाली. चौदा वर्षांच्या त्या मुलाच्या पायाला तिन्हीसांजेला साप चावला होता आणि वडील त्याला घेऊन आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर पाय मांडीपर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होते आणि काचेच्या कोरड्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांनंतरही गोठले नव्हते. दंश घोणसीचा होता. रात्रभर का थांबलात, असे विचारल्यावर वडिलांनी दिलेले उत्तर मी विसरू शकलेलो नाही. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गेल्या वर्षीही याला साप चावला होता, तेव्हा याने सर्पदंशाची लस घेतली आहे. त्यामुळे या खेपेला काही होणार नाही असं वाटलं." ते गृहस्थ निष्काळजी नव्हते आणि अंधश्रद्धही नव्हते. लस घेतली की पुढे संरक्षण मिळते, हे जे आरोग्यखात्याने आणि वर्तमानपत्रांनीच सर्वांना शिकवले आहे, त्यावर विश्वास ठेवून ते वागले होते. मुलाची मूत्रपिंडे निकामी झाली, कित्येक वेळा डायलिसिस करावे लागले आणि सुदैवाने तो वाचला. त्या कुटुंबाचा जो वेळ गेला तो एका शब्दामुळे गेला, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. माणसाच्या शरीरात सर्पविषाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होऊ शकते काय? याचे प्रामाणिक उत्तर 'होय' असे आहे आणि ते दडवण्याचे कारण नाही. सापाचे विष हे मुख्यतः प्रथिनांचे मिश्रण असते. परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे त्याला चिकटून निष्प्रभ करणारे रक्तातील घटक, तयार करणे हे आपल्या रोगप्रतिकार यंत्रणेचे नित्याचे काम आहे, आणि ते काम ती देवीच्या किंवा घटसर्पाच्या बाबतीत जसे करते तसेच विषाच्या बाबतीतही करते. हेन्री सीवॉल या अमेरिकी संशोधकाने १८८७ मध्येच कबुतरांना खुळखुळ्या सापाचे विष अत्यल्प मात्रेत वारंवार टोचून दाखवून दिले होते की अशी कबुतरे पुढे मारक मात्रेपेक्षा कितीतरी अधिक विष सहन करतात. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वात यांच्या बाबतीत रक्तद्रवातून ही शक्ती दुसऱ्या प्राण्याला देता येते हे सिद्ध केले, आणि १८९४ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये एकाच बैठकीत फिझालिक्स व बर्ट्रांड या जोडीने आणि स्वतंत्रपणे आल्बेर काल्मेत यांनी सर्पविषाबाबतही तेच मांडले. आज जगभर सर्पदंशावर जे औषध, म्हणजे प्रतिसर्पविष, वापरले जाते ते याच तत्त्वावर तयार होते. घोड्याला विषाची अत्यल्प मात्रा टोचून सुरुवात करतात, कित्येक महिने ती वाढवत नेतात आणि त्याच्या रक्तद्रवात पुरेशी प्रतिपिंडे जमली की तो रक्तद्रव काढून शुद्ध करतात. म्हणजे प्रतिकारशक्ती निर्माण होते याचा पुरावा प्रत्येक कुपीत आहे. फक्त ती प्रतिकारशक्ती घोड्याने कमावलेली असते आणि रुग्णाला ती उसनी मिळते.

हा कमावलेल्या आणि उसन्या प्रतिकारशक्तीतील भेद त्या वडिलांना कोणी सांगितलेला नव्हता. लस शरीराला शिकवते. प्रतिसर्पविष शरीराला काहीही शिकवत नाही, ते केवळ तयार शस्त्र हाती देते. घोड्याची प्रतिपिंडे किंवा त्यांचे तुकडे रुग्णाच्या रक्तात शिरतात, विषाला बांधून निष्प्रभ करतात आणि परके प्रथिन असल्यामुळे काही दिवसांत ती संख्येने घटत जाऊन नाहीशी होतात. वर्षभराने त्यांतले काहीच उरलेले नसते. उलट काही रुग्णांचे शरीर त्या उपचारातून घोड्याच्या प्रथिनाला ओळखायला शिकते, आणि पुढच्या वेळी तेच औषध देताना तीव्र प्रतिक्रिया येण्याचा धोका वाढू शकतो. अर्थात याचा अर्थ दुसऱ्यांदा औषध नाकारावे असा मुळीच नाही. प्रतिक्रिया आल्यास अॅड्रेनॅलिन देण्याची तयारी ठेवून ते द्यावेच लागते, कारण विषाला दुसरा उतारा नाही.

आपल्या लेखात ज्यांचा उल्लेख होता त्या बिल हास्ट यांच्याविषयी आता लिहितो. फ्लोरिडातील मायामी येथे सर्पालय चालवणाऱ्या हास्ट यांनी १९४८ पासून नागाचे विष स्वतःला टोचून घ्यायला सुरुवात केली, पुढे इतर सापांचेही घेतले, आयुष्यात १७० पेक्षा अधिक विषारी दंश सोसले आणि २०११ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सर्पदंश झालेल्या अनेक लोकांना त्यांनी आपले रक्त दिले. हे सर्व खरे आहे. पण २००३ मध्ये मलायातील एका चापड्या जातीच्या सापाच्या दंशाने त्यांना बोट गमवावे लागले, ही गोष्टही तितकीच खरी आहे, आणि तिचा उल्लेख लेखात नव्हता. अर्धशतकाहून अधिक काळ विष टोचून घेणाऱ्या माणसाचे बोट का जावे, या प्रश्नातच या विषयाचा बराचसा उलगडा आहे. प्रतिपिंडे रक्तात फिरत असतात, तर दंशाच्या जागी साप विष थेट मांसात सोडतो. तिथे ते पेशी, केशवाहिन्या आणि स्नायू काही मिनिटांतच मोडू लागते. रक्तातील प्रतिपिंडे त्या जागी पुरेशा संख्येने पोहोचेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. त्यामुळे प्राण वाचवू शकणारी प्रतिकारशक्ती अवयव वाचवीलच, असे नसते.

टिम फ्रीडी या अमेरिकी गृहस्थांचे उदाहरण अधिक अलीकडचे आहे आणि वैज्ञानिकदृष्ट्या अधिक मोलाचे आहे. त्यांनी जवळजवळ १८ वर्षे १६ जातींच्या सापांचे विष एकूण ८५६ वेळा स्वतःला टोचून घेतले. २००१ मध्ये, म्हणजे हा प्रयोग सुरू केल्यानंतर, त्यांना एकाच रात्री थोड्या वेळाच्या अंतराने दोन नाग चावले आणि ते बेशुद्धावस्थेत गेले. पहिला दंश त्यांच्या शरीराने निभावून नेला, दुसऱ्याला ते पुरे पडले नाही. प्रतिपिंडांचा साठा हा असाच असतो. मोजका असतो, वापरला की संपतो, आणि किती विष येणार आहे हे साप विचारून ठरवत नाही. पुढे संशोधकांनी त्यांच्या रक्तातून दोन विशेष प्रतिपिंडे वेगळी केली, त्यांना विषातील विशिष्ट विकर (एन्झाइम) थोपवणाऱ्या व्हॅरेस्प्लॅडिब या लहानशा रसायनाची जोड दिली, आणि २०२५ च्या मे महिन्यात असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की हे तीन घटक मिळून नाग व मण्यार यांच्या कुळातील १९ जातींच्या विषांपैकी १३ विषांपासून उंदरांना पूर्ण आणि उरलेल्या ६ विषांपासून अंशतः संरक्षण देतात. ही फार मोठी प्रगती आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. मात्र तिच्यातून निघणारा धडा 'विष टोचून घ्या' असा नसून 'आता कोणालाही विष टोचून घेण्याची गरज उरू नये' असा आहे, आणि त्या संशोधकांनीही इतरांनी हा मार्ग धरू नये असेच सांगितले आहे. शिवाय घोणस आणि फुरसे ज्या कुळात येतात, त्या कुळाची विषे या मिश्रणाच्या कक्षेत नाहीत.

या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबतो, कारण 'सापाचे विष' असे एकवचनी बोलण्याची आपली सवय फार दिशाभूल करते. नागाच्या विषातील साठ-सत्तर अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा संदेश अडवते. मण्यारीच्या विषातील एक घटक हा संदेश सोडणाऱ्या मज्जातंतूच्या टोकाचाच नाश करतो, आणि म्हणून उशिरा दिलेले औषध तिथे झालेली हानी भरून काढू शकत नाही. घोणशीचे विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकते आणि मूत्रपिंडांवर आघात करते. एकाविरुद्ध कमावलेली प्रतिपिंडे दुसऱ्यापुढे बहुधा निरुपयोगी असतात, हे ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले होते. तेथील सापांच्या विषावर नागाविरुद्धचे युरोपी प्रतिविष चालत नाही हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. एवढेच नव्हे, तर एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार आणि सापाच्या वयानुसारही बदलते. तेव्हा 'मला सर्पविषाची प्रतिकारशक्ती आहे' असे कोणी म्हणाले तर पहिला प्रश्न 'कोणत्या सापाच्या?' हा असावा, आणि दुसरा 'कुठल्या प्रदेशातल्या?' हा.

आता मात्रेचा हिशेब मांडतो. हिशेब कंटाळवाणा वाटेल, पण त्याशिवाय गोष्ट पटत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या प्रतिसर्पविषाचा एक मिलिलिटर घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो. घोणस एका दंशात सरासरी सुमारे ६३ मिलिग्रॅम विष सोडू शकते असे धरतात. म्हणजे सुमारे शंभर मिलिलिटर, अर्थात दहा मिलिलिटरच्या दहा कुपी, एवढे शुद्ध केलेले औषध एका सरासरी दंशासाठी लागते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे तीन लिटर रक्तद्रव असतो. तेव्हा एवढी प्रतिपिंडे त्या रक्तद्रवात बाळगणे गणिताच्या दृष्टीने अशक्य नाही, आणि हास्ट किंवा फ्रीडी यांचे वाचणे हा चमत्कार नव्हता हे त्यातून कळते. पण ती पातळी अहोरात्र टिकवून धरावी लागते. आपल्या रक्तातील नेहमीच्या प्रतिपिंडाचे अर्धे आयुष्य, म्हणजे साठा निम्म्यावर येण्याचा काळ, साधारण तीन आठवडे असते. विष टोचण्याचे थांबवले की नवी प्रतिपिंडे तयार होण्याचे प्रमाण घटते, जुनी झिजत जातात आणि काही महिन्यांनी संरक्षण पातळ होते. म्हणून या मंडळींना ते टोचणे थांबवता येत नाही.

इथे सुज्ञ वाचक विचारील की धनुर्वाताची लसही विषाविरुद्धच असते, मग ती वर्षानुवर्षे कशी पुरते? हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याच्या उत्तरातच या वादाचा गाभा आहे, असे मला वाटते. धनुर्वातात जंतू जखमेत वाढतात, विष हळूहळू तयार करतात आणि लक्षणे दिसायला साधारण आठवडा लागतो. ते विष इतके जहाल असते की रोग घडवणारी त्याची मात्रा कल्पनेपलीकडे सूक्ष्म असते, आणि एवढ्या सूक्ष्म विषाला आवरायला थोडी प्रतिपिंडेही पुरतात. सापाचे तसे नाही. तो काही क्षणांत दहा, वीस, साठ मिलिग्रॅम विष एकदम सोडून मोकळा होतो. रोगप्रतिकार यंत्रणेची स्मृती जागी होऊन नवी प्रतिपिंडे वाढवायला काही दिवस घेते, तर नागाचा दंश श्वासाचे स्नायू काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, बंद पाडतो. गोवर किंवा धनुर्वात यांच्या बाबतीत शरीराला आठवणीवर विसंबता येते. सर्पदंशात आठवण कामाची नाही; जे त्या क्षणी रक्तात तयार असेल तेवढेच उपयोगाचे. सर्पविषाविरुद्ध खरीखुरी लस का नाही, याचे मुख्य कारण हेच आहे.

तशी लस करून पाहिलीच नाही असेही नाही. १९६० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सॉल वीनर यांनी टायगर स्नेकच्या विषाविरुद्ध एका सर्पतज्ज्ञ व्यक्तीत प्रतिकारशक्ती निर्माण केली. त्याच दशकात जपानच्या अमामी आणि ओकिनावा बेटांवर हाबू नावाच्या सापाचे विष मारक गुण काढून टाकून हजारो रहिवाशांना टोचण्यात आले. प्रतिपिंडे तयार झाली, पण दंशाविरुद्ध भरवशाचे संरक्षण मिळते असे निर्णायकपणे सिद्ध झाले नाही आणि ती लस रूढ झाली नाही. जिथे एकाच जातीच्या सापाचे भय होते तिथेही हे साधले नाही, मग जिथे चार किंवा दहा जातींचे साप आहेत तिथे काय करावे लागेल याची कल्पना करता येते. प्रत्येक विषासाठी वेगळी टोचणी, ती दर काही महिन्यांनी पुन्हा, आणि एवढे करूनही साप चावल्यावर रुग्णालयात जाणे चुकत नाहीच.

स्वतःच विष टोचून घेण्याचे दुष्परिणाम लेखात एका ओळीत आटोपले होते, म्हणून तेही सांगतो. विष जिथे टोचले जाते तिथली त्वचा आणि मांस मरू शकते, जखम चिघळू शकते, मूत्रपिंडे आणि यकृत यांच्यावर ताण येऊ शकतो, आणि मोजताना झालेली छोटीशी चूक प्राणघातक ठरू शकते. याहून गंभीर गोष्ट अशी की रोगप्रतिकार यंत्रणा प्रत्येक वेळी रक्षण करणारीच प्रतिपिंडे बनवील याची शाश्वती नसते. काहींच्या शरीरात अॅलर्जीची प्रतिपिंडे तयार होतात, आणि मग विषाचा पुढचा अंश, मग तो कितीही कमी असो, रक्तदाब कोसळवणारी व श्वासनलिका आवळणारी प्रतिक्रिया घडवू शकतो. प्रयोगशाळांत सुकवलेल्या विषाची भुकटी हाताळणाऱ्या लोकांना शिंका, दमा आणि अशी तीव्र प्रतिक्रिया आल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. अनेकदा साप चावून घेतलेला सर्पमित्र 'मला काही होत नाही' असे म्हणतो तेव्हा त्याला कदाचित इतरांपेक्षा अधिक धोका असतो. हे वाक्य मी फार विचारपूर्वक लिहीत आहे, कारण सापांना वाचवणाऱ्या या तरुणांविषयी मला मनापासून आदर आहे आणि त्यांतले काही जण याच समजुतीपायी उशिरा आलेले मी पाहिले आहेत.

मग पूर्वी साप चावून काही न झालेले लोक असतात त्यांचे काय? त्यांचा अनुभव खोटा नसतो, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावलेला असतो. बहुसंख्य साप बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. अशा कोरड्या दंशांचे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही. शिवाय कधी दात कपड्यावर किंवा पादत्राणावर अडतात आणि थोडेच विष आत जाते. यांपैकी कोणत्याही कारणाने वाचलेला माणूस पुढे 'मला विष चढत नाही' असे सांगू लागतो, आणि ते ऐकणारे त्याच्यासारखे धीट होतात. खऱ्या दंशातून बरा झालेल्या माणसाच्या रक्तात काही काळ थोडी प्रतिपिंडे आढळतातही. इक्वेडोरच्या अरण्यातील वाओरानी लोकांत, ज्यांच्यापैकी अनेकांना आयुष्यात एकदा तरी साप चावलेला असतो, अशी प्रतिपिंडे संशोधकांना आढळली. तरीही सर्पदंश हे त्यांच्यातील मृत्यूचे एक ठळक कारण राहिले आहे. प्रतिपिंड असणे आणि पुरेसे असणे यांत मोठे अंतर आहे.

'विष पचवणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत इतका रुळला आहे की तोही शब्दशः घेतला जातो. विषकन्येच्या कथा ऐकत आपण वाढलो, आणि विष जिभेला लावत लावत शरीर घडवता येते ही कल्पना त्या कथांतून अजून जिवंत आहे. सर्पविष गिळले तर, तोंडात वा जठरात जखम नसेल तर, बहुतेक प्रथिने अन्नातल्या प्रथिनांसारखीच पचून जातात. म्हणजे तिथे विष खरोखरच पचते, आणि नेमक्या याच कारणाने त्यातून प्रतिकारशक्तीही मिळत नाही. रक्तात गेलेले विष मात्र कोणी पचवू शकत नाही. ते केवळ बांधले जाऊ शकते. मद्याची किंवा अफूची शरीराला सवय होते ती यकृतातील विकरांच्या आणि मज्जापेशींच्या जुळवून घेण्यामुळे. सर्पविषाच्या बाबतीत तशी सवय होत नाही, म्हणून 'सरावणे' हे क्रियापद इथे लागू पडत नाही. लेखाच्या समारोपात तेच क्रियापद होते.

मुंगसाचा दाखला हमखास दिला जातो. मुंगूस सरावाने अभेद्य होत नाही. ते तसेच जन्माला येते. स्नायूवरील ज्या ग्राहकाला, म्हणजे मज्जातंतूचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, नागाचे विष चिकटते, त्याची घडण मुंगसात थोडी वेगळी असते आणि विषाला तिथे नीट बसता येत नाही. हे १९९२ च्या सुमारास इस्रायली संशोधकांनी उलगडून दाखवले. असे बदल हजारो पिढ्यांत घडतात. माणसाच्या ग्राहकातही लेमूरसारख्या प्राण्यांच्या तुलनेत नागविषाला किंचित कमी बळी पडणारी घडण असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले आहे, आणि आपल्या दूरच्या पूर्वजांना नागांच्या सहवासात राहावे लागल्याची ती खूण असावी, असे त्या संशोधकांनी म्हटले आहे. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. परंतु ती किंचित घडण एका पूर्ण दंशापुढे टिकत नाही, हे श्वसनयंत्रावर ठेवलेल्या प्रत्येक रुग्णाने मला दाखवले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसे सर्पदंशाने मरतात, आणि त्याच्या सुमारे तिप्पट लोकांना अवयव गमवावा लागतो किंवा कायमचे अपंगत्व येते. २०१७ मध्ये संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत स्थान दिले आणि २०३० पर्यंत हे मृत्यू व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. हे उद्दिष्ट गाठण्यात औषधाच्या उपलब्धतेइतकाच वाटा दंश ते रुग्णालय या वेळेचा आहे, आणि तो वेळ लोकांच्या समजुतींवर ठरतो. समजुती घडवण्यात वर्तमानपत्राचा शब्द अजूनही वजनदार आहे. माझ्या तपासणीच्या खोलीत कितीतरी लोक कात्रण घेऊन येत असत.

म्हणून माझी आपणास विनंती आहे की आपल्या वर्तमानपत्रात या औषधासाठी 'लस' हा शब्द यापुढे वापरू नये. 'प्रतिसर्पविष' हा शब्द जड वाटत असेल तर 'सर्पदंशावरील इंजेक्शन' किंवा 'विषावरचा उतारा' असे लिहावे. डॉक्टर आणि परिचारिका बोलताना 'एएसव्ही' (अँटी-स्नेक व्हेनम) म्हणतात, तेही पुष्कळांना समजते. ज्या बातमीत 'लशीचा तुटवडा' असे छापले जाते तिथे वाचकाला आधी घेऊन ठेवण्याजोगे काही आहे असे वाटते, आणि शेतात काम करणारे लोक पाऊस सुरू होण्याआधी 'सापाची लस द्या' म्हणून येतात, हा अनुभव माझ्या अनेक सहकाऱ्यांचाही आहे. त्यांना परत पाठवताना समजावून सांगायला प्रत्येक वेळी पुरेसा अवधी मिळतोच असे नाही. आपल्या लेखाखाली एक छोटी दुरुस्ती छापली, आणि तीत 'हे औषध दंशानंतरच देतात, त्याचा परिणाम काही दिवसच राहतो, आणि पूर्वी ते घेतलेले असले तरी प्रत्येक नव्या दंशानंतर ताबडतोब रुग्णालयात जावे लागते' एवढे एक वाक्य आले, तरी माझ्या या पत्राचे काम झाले असे मी समजेन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी